कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चवीच्या शास्त्राची वाटचाल

सोलापूरची कडक भाकरी मोडली की आधी आवाज येतो, चव नंतर. हा आवाजही चवीचाच भाग असतो, हे प्रयोगशाळेत दिसायला २००४ साल उजाडलं. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी लोकांना मायक्रोफोनसमोर बटाट्याच्या चिप्स चावायला लावल्या आणि तोच आवाज त्यांना हेडफोनमधून ऐकवला. आवाज मोठा केला किंवा त्यातले वरच्या पट्टीतले स्वर वाढवले की चिप जास्त कुरकुरीत, ताजी वाटायची. कमी केले की शिळी. चिप्स मात्र सगळ्या सारख्याच होत्या. २००८मध्ये या कामाला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं, लोक हसले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

या वाटेची सुरुवात त्याही आधीची. १९६९मध्ये निकोलस कुर्ती या भौतिकशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वयंपाकघरातल्या भौतिकीवर व्याख्यान दिलं. शुक्राच्या वातावरणाचं तापमान आपण मोजतो, पण सूफ्लेच्या, म्हणजे भट्टीत फुगणाऱ्या अंड्याच्या पदार्थाच्या, आत काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही, ही त्यांची खंत होती. पुढे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्व्हे तीस त्यांना येऊन मिळाले. १९८८मध्ये दोघांनी या विषयाला ‘मॉलिक्युलर अँड फिजिकल गॅस्ट्रोनॉमी’ असं नाव दिलं आणि १९९२मध्ये सिसिलीतल्या एरिचे गावात शास्त्रज्ञ आणि आचारी यांची पहिली कार्यशाळा भरली. त्यानंतर स्पेनमध्ये फेरान आद्रिया या आचाऱ्याने अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ) आणि कॅल्शियम वापरून रसाचे मोती केले. इंग्लंडमध्ये हेस्टन ब्लूमेंथल या आचाऱ्याने समुद्री पदार्थांच्या ताटाबरोबर शंखात दडवलेल्या यंत्रातून लाटांचा आवाज ऐकवला.

लोकांच्या लक्षात राहिले ते अशा ताटांतले फेस आणि धूर. त्यामुळे हे शास्त्र महागड्या हॉटेलांचंच, असा समज झाला. मला तो पटत नाही, कारण त्याची खरी कसोटी रोजच्या ताटात लागते.

ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं, म्हणून पीठ गार पाण्यात नीट चिकटत नाही. गरम पाण्याने स्टार्च फुगतो, कणांना धरून ठेवतो आणि भाकरी पातळ थापता येते. मग मंद आचेवर तिच्यातलं पाणी जवळजवळ सगळं निघून जातं. म्हणून ती कडक होते, बरेच दिवस टिकते आणि पावसाळी हवेत ओल शोषून मऊ पडते.

शेंगाचटणीत तर आणखी पदर आहेत. शेंगदाणे भाजताना त्यांतली प्रथिनं आणि साखरा यांच्यात माय्यार अभिक्रिया होते. १९१२मध्ये लुई-कामिय माय्यार यांनी तिचं वर्णन केलं होतं. तो खमंग वास तिचाच. चटणी चावताना तो घशामागून नाकात चढतो, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला बराच भाग खरं तर हा वास असतो. दाणे कुटले की तेल सुटतं. तिखटातलं कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं आणि तेलाबरोबर तोंडभर पसरतं. १९९७मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने त्याचा ग्राही, म्हणजे मज्जातंतूंवरचं ते ओळखणारं प्रथिन, शोधला. कॅप्सायसिन आणि चटका देणारी उष्णता, दोन्हींना तोच ग्राही ओळखतो. २०२१च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. म्हणजे तिखट ही जिभेची चव नाहीच, ती भाजल्याची जाणीव आहे. पाणी प्यायल्याने ती शमत नाही. दह्यातलं केसिन हे प्रथिन आणि स्निग्धांश कॅप्सायसिनला ओढून घेतात, म्हणून चटणीसोबत दही लागतं.