खुब्याच्या हालचालीचे मापन (धावपटूंतील)

धावताना मांडीचे हाड (ऊर्वस्थी) श्रोणीच्या (कमरेखालील हाडांच्या कड्याच्या) संदर्भात किती आणि कोणत्या दिशेने फिरते, याचे कोनमापन. खुबा हा उखळी सांधा असल्याने त्याची हालचाल तीन प्रतलांत मोजतात : पुढे-मागे (आकुंचन व प्रसारण), आत-बाहेर आणि मांडीचा स्वतःच्या अक्षाभोवतीचा पीळ.

मांडीचा उभ्या रेषेशी होणारा कोन आणि श्रोणीशी होणारा कोन या दोन वेगळ्या राशी आहेत. उदा., पाय जमीन सोडताना मांडी उभ्या रेषेच्या २५° मागे आणि श्रोणी १५° पुढे झुकलेली असेल, तर खुब्याचे खरे प्रसारण १०° भरते. मैदानावरील चित्रफितीवरून काढलेले आकडे बहुधा पहिल्या प्रकारचे असतात, आणि प्रयोगशाळेतील आकड्यांशी त्यांची तुलना सर्रास केली जाते.

या मापनाचा आरंभ कोणापासून धरावा, याबाबत एकमत नाही. जर्मनीतील वेबर बंधूंचा चालण्याच्या यांत्रिकीवरील ग्रंथ १८३६ चा. पण त्यात छायाचित्रण नाही. एत्येन-झ्यूल मारे यांनी १८८० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये काळा पोशाख आणि त्यावर पांढऱ्या रेषा अशा वेशातील धावपटूंची क्रमछायाचित्रे घेतली. ब्राउने व फिशर यांनी १८९१ मध्ये लाइपसिक येथे अंगावर प्रकाशनलिका बांधून त्रिमितीय गणित मांडले, परंतु ते चालण्याचे. धावण्यापुरता मान मारे यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

खरी अडचण सांध्याचा केंद्रबिंदू ठरवण्याची आहे. गुडघा बाहेरून चाचपता येतो. खुब्याची उखळ मात्र स्नायूंखाली खोल दडलेली असते. त्यामुळे केंद्राचे स्थान अनुमानानेच काढावे लागते. बेल व सहकाऱ्यांच्या (सु. १९९०) पद्धतीत श्रोणीच्या पुढील दोन उंचवट्यांमधील अंतर प्रमाण मानून केंद्र त्याच्या सु. ३० टक्के खाली, १४ टक्के आत आणि साधारण एकपंचमांश मागे धरतात. डेव्हिस व सहकारी (१९९१) आणि हॅरिंग्टन व सहकारी (२००७) यांची सूत्रे वेगळी आहेत. दुसरा पक्ष मांडी गोल फिरवून तिच्यावर चिकटवलेल्या खुणांच्या मार्गावरून केंद्र काढतो. लिआर्दिनी व सहकाऱ्यांनी (१९९९) ही कार्यात्मक पद्धत प्रौढ पुरुषांत अधिक अचूक ठरल्याचे दाखवले. मात्र खुब्याची हालचाल आखडलेल्या व्यक्तीत ती डळमळते, तेव्हा सूत्रच बरे. केंद्र चुकले की कोनांपेक्षा सांध्यावरील आघूर्णांच्या (सांधा फिरवणाऱ्या बलपरिणामांच्या) आकड्यांत अधिक गोंधळ होतो.

दुसरी त्रुटी त्वचेची. मांडीवर चिकटवलेल्या खुणा स्नायूंबरोबर थरथरतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राइनश्मिट व सहकाऱ्यांच्या प्रयोगात मोजक्या स्वयंसेवकांच्या हाडांत पिना बसवून धावण्याचे मापन झाले. प्रयोग गुडघ्याचा होता. तरी त्रुटीचा मोठा वाटा मांडीवरील खुणांचा आढळल्याने खुब्यालाही तो लागू मानतात. पुढे-मागे होणाऱ्या कोनावर त्यामुळे विश्वास ठेवता येतो, आत-बाहेरच्या कोनावर बेताने, आणि पिळाच्या आकड्यावर फारच कमी.

झोपवून कोनमापकाने वा टॉमस चाचणीने (एक गुडघा छातीशी धरून दुसरी मांडी किती खाली जाते ते पाहून) मोजलेली लवचिकता धावताना तशीच दिसते, ही समजूत शाखे व सहकाऱ्यांच्या (२०००) अभ्यासाने डळमळीत केली. त्यात प्रसारणाचा संबंध चाचणीशी नव्हे, तर श्रोणीच्या पुढील झुकावाशी आढळला. एका पायावर भार येताच दुसऱ्या बाजूची श्रोणी खाली जाणे हेही मोजतात. मुळात ते ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये चालण्यासंदर्भात वर्णिलेले लक्षण होय.

चित्रांचा वेग महत्त्वाचा : पाव सेकंद जमिनीवर टेकलेला पाय सेकंदाला ३० चित्रांत सात-आठदाच दिसतो, २४० चित्रांत साठदा. अंगावर बांधायचे जडत्वसंवेदक (त्वरण व फिरण्याचा वेग टिपणारी छोटी उपकरणे) मैदानात सोयीचे, पण त्यांचे कोन कालांतराने सरकत जातात; चुंबकीय दुरुस्ती केल्यास ट्रेडमिलचे लोखंड आड येते.