प्रमाणपत्रावर 38 टक्के आले तर? चालण्याच्या दिव्यांगत्वाच्या निर्णयाविरुद्ध दाद कशी मागायची

आमच्या वाडीतले एक काका जिल्ह्याच्या ठिकाणी दिव्यांग तपासणीला गेले. रापणीची होडी ओढताना गुडघा गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तपासणाऱ्यांनी विचारलं, "चालूक येता मा?" काका म्हणाले, "येता तर!" मालवणी माणसाला तब्येत विचारली की "बरा आसा" हेच तोंडात येतं, मग पाय सुजून भोपळा झालेला असला तरी. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आहे आणि ती ते बसत-बसत उतरतात, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हाती प्रमाणपत्र आलं ते 38 टक्क्यांचं.

दोन टक्क्यांनी काय होतं, असं वाटेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 40 टक्के ही रेघ आहे. आरक्षण आणि बहुतेक योजना त्या रेघेच्या वर सुरू होतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेलाही किमान 40 टक्के लागतात. ऑक्टोबर 2025 पासून या योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला महिन्याला 2500 रुपये मिळतात. एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत, तीही 40 पासून पुढे. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून मिळणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राचा रंगसुद्धा यावरच ठरतो: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 80 पिवळं, 80 आणि पुढे निळं. पांढरं कार्ड घेऊन तहसीलला गेलात की परत यायचं.

आधी बघा, नकार कुणी दिला

इथे बहुतेक जण गोंधळतात. नकार दोन जागी होतो आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

टक्का कमी लागला किंवा प्रमाणपत्रच नाकारलं, तर तो वैद्यकीय निर्णय. तहसीलदारांकडे कितीही खेपा घातल्या तरी ते टक्का बदलू शकत नाहीत. उलट, टक्का 40 च्या वर असूनही अनुदान नाकारलं असेल, तर अडचण रुग्णालयात नसून कागदात असते. या योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा 50,000 रुपये आहे, वय 18 ते 65 लागतं आणि राज्यात 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. जुना उत्पन्नाचा दाखला किंवा आधारला न जोडलेलं बँक खातं, इतक्यावर प्रकरण अडतं. अशा वेळी नकाराचं कारण लेखी मागा, ती त्रुटी दूर करा आणि पुन्हा अर्ज करा. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, कारण खरी लढाई तिथे आहे.

टक्का निघतो कसा

हे कळल्याशिवाय अपील लिहू नये. "माझ्यावर अन्याय झाला" एवढंच लिहिलेला अर्ज कुणाला काही करायला लावत नाही.

पायाचं मोजमाप दोन घटकांत होतं. पहिला हालचालीचा: खुबा, गुडघा आणि घोटा-पाऊल यांना प्रत्येकी 30, असे एकूण 90. सांधा किती वाकतो आणि स्नायूत जोर किती, ते यात मोजतात. दुसरा स्थैर्याचा, तोही 90 चा. यात नऊ क्रिया आहेत आणि प्रत्येकीला 10 (जितकं जमत नाही, तितके गुण जास्त): सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. मग दोन्ही घटकांची सरळ बेरीज न करता एक सूत्र लावतात. मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले (90 वजा मोठा आकडा) भागिले 90, एवढं मिळवायचं.

समजा हालचालीचे 20 आणि स्थैर्याचे 23 लागले. 23 अधिक 20 गुणिले 67 भागिले 90, म्हणजे 37.89. झाले 38. आता स्थैर्याचे 23 ऐवजी 26 धरा: 26 अधिक 20 गुणिले 64 भागिले 90, उत्तर 40.22. नऊ क्रियांपैकी उतार, जिना आणि उकिडवं बसणं या तिघींत एकेक गुण जास्त धरला असता, तर माणूस रेघेच्या वर गेला असता. तपासणीची खोली सपाट फरशीची असते. आमच्याकडे मात्र घर घाटीवर, विहीर खाली, एसटीचा थांबा वर आणि मधे व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. म्हणून या क्रिया प्रत्यक्ष करून बघितल्या का की नुसत्या विचारल्या, हा प्रश्न अपिलात आलाच पाहिजे.

पाय आखूड असेल तर तेही तपासा. पहिल्या अर्ध्या इंचाला काही नाही, त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला 4 टक्के. दोन इंच आखूड पायाला 12 होतात. शिवाय वेदना, वाकडेपणा, सांधा आखडणं, बधिरपणा यांचे मिळून जास्तीत जास्त 10 अधिक धरता येतात. आखूडपणा या दहाच्या बाहेर. प्रमाणपत्रावर नेमका कोणता अवयव लिहिलाय तेही पाहा. दोन्ही पाय अधू असताना एकाच पायाचा टक्का लावला असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

अपील

अधिनियमाच्या कलम 59 प्रमाणे प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. नकार असेल तर त्याची कारणं लेखी मिळणं हा तुमचा हक्क आहे. ज्या रुग्णालयातून निर्णय आला तिथे किंवा जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात (सिंधुदुर्गात ओरोस, रत्नागिरीत रत्नागिरी शहर, रायगडात अलिबाग) एका ओळीचा अर्ज द्या: अपील कोणत्या प्राधिकाऱ्याकडे व किती दिवसांत करायचं ते लेखी कळवावं. त्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मंडणगड किंवा दोडामार्गहून दिवस मोडून आलेल्या माणसाने तोंडी उत्तरावर परत जाऊ नये.

त्याच फेरीत माहितीच्या अधिकाराचाही अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. मागायचं एकच: माझ्या तपासणीचा मूल्यांकन तक्ता, ज्यात प्रत्येक घटकाचे गुण लिहिले आहेत. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, पण तेवढं थांबून अपिलाची मुदत घालवू नका. अपील आधी दाखल करा आणि त्यात लिहा, "मूल्यांकन तक्ता मागवला असून मिळताच सादर करीन."

सोबत जोडायचं ते असं: प्रमाणपत्राची किंवा नकारपत्राची प्रत, आधार, जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे व त्याचा अहवाल. यात सगळ्यात वजनदार कागद म्हणजे फिजिओथेरपिस्टने अंशांत मोजून दिलेली सांध्यांची हालचाल आणि स्नायूंच्या जोराची श्रेणी. "रुग्णाला चालताना त्रास होतो" अशा डॉक्टरी चिठ्ठीचा उपयोग जवळजवळ शून्य. त्यात आकडा नसतो.

अर्जाचा मजकूर साध्या मराठीत चालतो. उदाहरणार्थ: "मला डाव्या पायासाठी 38 टक्के दिव्यांगत्व दिलं आहे. तपासणीत मला उतारावर चालायला, जिना चढायला व उकिडवं बसायला सांगितलं नाही. मी कठड्याला धरल्याशिवाय चार पायऱ्या चढू शकत नाही. उकिडवं बसल्यास आधाराशिवाय उठता येत नाही. सोबतच्या अहवालाप्रमाणे डावा गुडघा 70 अंशांपुढे वाकत नाही. तरी माझी फेरतपासणी होऊन टक्केवारी पुन्हा ठरवावी." यात अंश आणि पायऱ्या तुमच्या स्वतःच्या घाला. खोटं एकही नको. त्याच अधिनियमाच्या कलम 91 मध्ये दिव्यांगांचा लाभ फसवून घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि "पन्नास टक्के करून देतो" म्हणत फिरणारे एजंट त्या वेळी सोबत उभे राहत नाहीत.

चाकरमान्यांसाठी

मुंबईत उपचार झालेत आणि आधारवर पत्ता गावचा, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. या अधिनियमाखालच्या 2017 च्या नियमांप्रमाणे अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, किंवा जिथे उपचार चालू आहेत वा झाले आहेत अशा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडेही करता येतो. मूळ शस्त्रक्रियेचे कागद तिथेच असले तर हे सोयीचं पडतं. प्रमाणपत्र देशभर चालतं. ते द्यायची मुदत 2024 च्या दुरुस्तीनंतर तीन महिने झाली आहे, त्यामुळे महिन्याभरातच तक्रार करायला धावू नका.

तिथेही काही हललं नाही तर

उत्तरच येत नसेल किंवा अपील घेतच नसतील, तर दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे यांच्याकडे तक्रार करता येते. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यापुढे उच्च न्यायालय. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं (फिरत्या खंडपीठाचं) काम सुरू आहे. रायगड मात्र मुंबईतच. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

फेरतपासणीला बोलावलं की सैल पायजमा किंवा हाफ पँट घाला, काठी वापरत असाल तर ती घरी ठेवून जाऊ नका, आणि घरातलं कुणीतरी सोबत न्या. शक्यतो असं माणूस, जे तुम्हाला रोज पाखाडी चढताना बघतं. आमच्या काकांबरोबर काकी गेल्या होत्या. "चालूक येता मा?" असं पुन्हा विचारलं तेव्हा काकांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "सपाटीर येता. पण आमच्याकडे सपाट आसा खय?"