मॉरिशससारख्या छोट्या देशातून पॅरा-अ‍ॅथलेटिक्समध्ये उतरायचं असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि वर्गीकरण

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मॉरिशसचा योव्हानी फिलिप ४०० मीटरच्या टी-२० (बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या) शर्यतीत तिसरा आला आणि त्या देशाला पॅरालिम्पिकमधलं पहिलं पदक मिळालं. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे नाशिक शहराहूनही कमी. तिथे कास्कावेलसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. पॅरा-अ‍ॅथलेटिक्समध्ये कसं उतरायचं, ही माहिती मराठीत असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

नियम सगळ्या देशांना सारखेच आहेत, पण छोट्या देशातल्या खेळाडूला चूक महागात पडते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, म्हणजे कमतरता तपासून खेळाडूने कोणत्या वर्गात खेळायचं हे ठरवणं, त्याच्या घराजवळ क्वचितच होतं. त्यासाठी दुबईसारख्या ठिकाणी विमानाने जावं लागतं आणि तिथे एक कागद कमी निघाला तर अख्खा हंगाम हातचा जातो. तेव्हा तिकीट काढायच्या आधी फाइल पुरी करा.

अर्ज कोण करतो?

खेळाडू स्वतः अर्ज करू शकत नाही. प्रशिक्षकही नाही. प्रवेश, परवाना, वैद्यकीय कागद, आक्षेप, सगळं देशाच्या राष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीमार्फतच जातं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे या समितीकडे किंवा तिच्याशी जोडलेल्या क्रीडा महासंघाकडे नाव नोंदवणं. समिती वर्ल्ड पॅरा अ‍ॅथलेटिक्सच्या, म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, ऑनलाइन प्रणालीत खेळाडूची नोंद करते आणि त्या हंगामाचा परवाना काढते. वयाची अट अशी की स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १४ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. अंध धावपटूसोबत पळणाऱ्या गाइडलाही परवाना लागतो. हे बरेच जण विसरतात.

नागरिकत्वाचा पुरावा म्हणजे पासपोर्ट. आधी दुसऱ्या देशाकडून खेळला असाल तर साधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं. मॉरिशसमधून फ्रान्सला किंवा ऑस्ट्रेलियाला गेलेल्या कुटुंबांनी हे आधीच ध्यानात ठेवावं.

पात्रता: पेन्शनचं कार्ड पुरत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. सरकारी अपंगत्व पेन्शन मिळते किंवा भारतात यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डावर ६० टक्के लिहिलंय, म्हणून खेळता येईल असं घरचे धरून चालतात. टक्केवारीचा इथे काही उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती दहा प्रकारच्या कमतरता मानते: स्नायूंची ताकद कमी असणं, सांध्यांची हालचाल मर्यादित असणं, हात किंवा पाय नसणं, पायांच्या लांबीत फरक, कमी उंची, स्नायूंचा ताठरपणा, तोल आणि समन्वय बिघडणं, अनैच्छिक हालचाली, दृष्टिदोष आणि बौद्धिक अक्षमता. फक्त ऐकू न येणं या यादीत नाही. कर्णबधिरांसाठी डेफलिम्पिक्स वेगळी आहे. नुसती दीर्घकालीन वेदनाही चालत नाही.

यादीत बसल्यावर प्रत्येक खेळाचा किमान निकष पार करावा लागतो. अ‍ॅथलेटिक्समध्ये पायांच्या लांबीत किमान ७ सेंटिमीटरचा फरक हवा. कमी उंचीच्या ४१ क्रमांकाच्या वर्गात पुरुषाची उंची १४५ सेंटिमीटरपर्यंत, हाताची लांबी ६६ पर्यंत आणि दोन्हींची बेरीज २०० पर्यंत असावी लागते. महिलांसाठी हेच आकडे १३७, ६३ आणि १९० आहेत. तिन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. टोकियोत भूतानने पहिल्यांदा पॅरालिम्पिकमध्ये पाऊल ठेवलं ते तीनच खेळाडू घेऊन, आणि त्यातले दोघे कमी उंचीच्या गटातले गोळाफेकपटू होते.

घरीच टेप घेऊन मोजून बघा. मी एका राष्ट्रीय पातळीच्या वर्गीकरणात एका मुलाला भिंतीला पाठ लावून उभं राहिलेलं पाहिलंय. टाचा भिंतीला, हनुवटी सरळ. क्लासिफायरने (वर्ग ठरवणाऱ्या तपासनिसाने) खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप धरली, आकडा लिहिला, परत धरली, परत लिहिला. हात अर्ध्या सेंटिमीटरने जास्त भरला. उंची बसत होती, बेरीज बसत होती, तरी मुलगा बाद झाला. दोन वर्षांच्या सरावाआधी कुणी पाच मिनिटं काढून मोजलं असतं तर हे टळलं असतं.

टी-२० चा रस्ता वेगळा

टी-२० म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट येतं. इथे टी म्हणजे ट्रॅक (हल्ली उड्याही यातच), एफ म्हणजे फेकीचे प्रकार आणि २० म्हणजे बौद्धिक अक्षमता. फिलिप याच वर्गात धावतो. या वर्गाची पात्रता आधी व्हर्टस ही आंतरराष्ट्रीय संघटना तपासते, तीही तिच्या देशातल्या सदस्य संस्थेमार्फत. बुद्ध्यांक ७५ किंवा त्याहून कमी, रोजच्या व्यवहारात ठळक अडचणी आणि हे सगळं वयाच्या २२ वर्षांआधी सुरू झालेलं, असं तिन्ही सिद्ध करावं लागतं. मानसशास्त्रज्ञाचा सविस्तर अहवाल लागतो. कोणती चाचणी घेतली आणि गुण किती आले, हे त्यात असलंच पाहिजे. शाळेचे जुने अहवाल फेकू नका, लहानपणापासूनची अडचण दाखवायला तेच कामाला येतात. व्हर्टसची मान्यता मिळाल्यावरही खेळाचं वर्गीकरण पुढे वेगळं होतं.

फाइलमध्ये काय हवं

मुख्य कागद म्हणजे वैद्यकीय निदानाचा ठरावीक फॉर्म. तो नोंदणीकृत डॉक्टरने इंग्रजीत, टाइप करून भरायचा. नुसतं ‘पायात अशक्तपणा’ लिहून भागत नाही, मूळ आजाराचं नाव हवं: पोलिओ, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा. सोबत पुरावा जोडायचा, म्हणजे एमआरआय, एक्स-रे किंवा स्नायू-मज्जातंतूंच्या तपासणीचा अहवाल. हात किंवा पाय कापलेला असेल तर फोटो. कागद फ्रेंचमध्ये असतील, आणि मॉरिशसच्या दवाखान्यांत ते असू शकतात, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

दृष्टिदोषासाठी फॉर्म नेत्रतज्ज्ञाने भरायचा. चष्मा लावल्यावरची दृष्टी, दृष्टिक्षेत्राचा नकाशा आणि कारणानुसार इतर चाचण्या, सगळं बारा महिन्यांच्या आतलं हवं. हे सगळं वर्गीकरणाच्या किमान सहा आठवडे आधी ऑनलाइन चढवायचं असतं. बेटावर तज्ज्ञ मोजके, मशीन मोजकीच, म्हणून अपॉइंटमेंट चार-पाच महिने आधी घ्या.

औषधांचंही बघा. बऱ्याच दिव्यांग खेळाडूंना रोजची औषधं असतात आणि त्यातलं एखादं बंदीच्या यादीत असू शकतं. तसं असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या किमान तीस दिवस आधी गेला पाहिजे.

पॅनेलसमोर

खोलीत किमान दोन क्लासिफायर असतात. पासपोर्ट, संमतीपत्रावर सही, स्पर्धेचे कपडे आणि बूट, व्हीलचेअर, ब्लेड (धावण्याचा कृत्रिम पाय) किंवा फेकीची खुर्ची, सगळं घेऊन जा. समितीचा एक माणूस सोबत येऊ शकतो. भाषेची अडचण असेल तर दुभाषाही चालतो. मॉरिशसच्या रोजच्या बोलीत, क्रिओलमध्ये, सहज बोलणाऱ्या पोराने इंग्रजीत अडखळत चुकीचं उत्तर देण्यापेक्षा दुभाषा नेलेला बरा. आधी ताकद आणि हालचाल तपासतात, मग धावून किंवा फेकून दाखवायला सांगतात आणि गरज वाटली तर प्रत्यक्ष स्पर्धेतही पाहतात.

मुद्दाम कमी ताकद दाखवू नका. ती फसवणूक धरली जाते आणि अनेक वर्षांची बंदी येऊ शकते.

निकालात वर्ग आणि त्याचा दर्जा मिळतो. ‘सी’ म्हणजे पक्का, ‘आर’ म्हणजे पुन्हा तपासणी, कधी ठरावीक वर्षासह. कागद अपुरे असतील किंवा पॅनेलला वर्ग ठरवताच आला नाही तर ‘वर्गीकरण अपूर्ण’ असा शेरा येतो. ‘अपात्र’ ठरलात तर दुसऱ्या पॅनेलकडून तपासणी होते. टोकियोत भारताच्या एका थाळीफेकपटूने एफ-५२ (बसून फेकणाऱ्यांच्या) गटात तिसरा क्रमांक मिळवला होता. त्याच्या वर्गावर आक्षेप आला, फेरतपासणीत पॅनेलला वर्ग देता आला नाही आणि पदक गेलं.

वर्ग अचूक असला तर स्पर्धा किती अटीतटीची होते, हे २०१२ च्या लंडनमध्ये दिसलं. तेव्हाच्या एफ-४२ (पायात दोष असलेल्यांच्या) उंच उडीत फिजीचा इलिएसा डेलाना आणि आपला गिरीशा नागराजेगौडा, दोघांनीही १.७४ मीटर पार केले. कमी चुकांच्या जोरावर डेलानाला सुवर्ण मिळालं, फिजीचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं पदक.

पॅरालिम्पिकची जागा

किमान प्रवेश कामगिरी गाठून किंवा क्रमवारीतून जागा मिळते. छोट्या देशांसाठी आणखी एक दार आहे: द्विपक्षीय आयोगाचं निमंत्रण. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती आणि त्या खेळाची संघटना मिळून ते देतात, अर्ज राष्ट्रीय समितीने करायचा. पण चालू परवाना आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरण नसेल तर तेही मिळत नाही. लॉस एंजेलिसची पॅरालिम्पिक १५ ते २७ ऑगस्ट २०२८ ला आहे. तिथे जायचं स्वप्न असेल तर वर्गीकरण शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

एक शेवटची गोष्ट, खास मॉरिशसच्या मराठी घरांसाठी. पूर्वजांची नावं जहाजावरून उतरताना कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली. त्यामुळे एकाच घरात आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं सापडतात. डॉक्टरच्या फॉर्मवर, अहवालांवर आणि परवान्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. डॉक्टरकडे जाताना पासपोर्टची प्रत सोबत न्या आणि सही होण्याआधी नाव वाचून घ्या.