समुद्र मोजावा, पण एकाच मापाने

ओरफिश नावाच्या खोल समुद्रातील लांबलचक, चंदेरी माशाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागले की आपल्या सातारा जिल्ह्यात, विशेषतः पाटण आणि कोयनेच्या खोऱ्यात, ते जरा जास्तच गांभीर्याने पाहिले जाते. हा मासा वर आला म्हणजे भूकंप जवळ आला, असा मजकूर त्याच्यासोबत असतो, आणि ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्या घरांनी सोसली त्या घरांत असा मजकूर सहजासहजी पुसला जात नाही. ती भीती समजण्यासारखी आहे. तिच्यावर पोसलेला मजकूर मात्र निराधार आहे. जपानमध्ये या समजुतीची रीतसर तपासणी झाली. १९२८ ते २०११ या काळात खोल समुद्रातील मासे दिसल्याच्या ३३६ नोंदी आणि त्याच काळातील २२१ भूकंप शेजारी शेजारी मांडून पाहिले, तेव्हा दोहोंचा मेळ बसावा असा प्रसंग एकच निघाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाच्या निष्कर्षाइतकेच महत्त्वाचे मला त्यातील १९२८ हे साल वाटते. कोणता मासा कोठे आणि कधी दिसला हे इतकी वर्षे टिपले गेले होते, म्हणूनच अफवेला आकड्यांनी उत्तर देता आले.

समुद्र आपल्यापासून दूर आहे, असे साताऱ्यात बसून म्हणणे अर्धेच खरे आहे. कृष्णा पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. परंतु कोयनेचे वीजनिर्मितीसाठी वळवलेले पाणी, ज्याची मर्यादा कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवली, ते सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला उतरते, पोफळी आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीने अरबी समुद्रात जाते. कोकणातील बहुतेक नद्या उन्हाळ्यात रोडावतात, तेव्हाही वाशिष्ठीत हे गोडे पाणी येत असते. खाडीतील खारेपणा बदलला की तेथे वाढणारी कोळंबी, कालवे आणि माशांची पिल्ले यांचे गणित बदलते. ते किती बदलले हे सांगायचे, तर पाणी वळवण्याच्या आधीची आणि नंतरची मोजणी एकाच पद्धतीची असावी लागते. ज्या कुंभार्ली घाटाने मासळीची गाडी कराडला येते, त्याच घाटाच्या शेजारून आपले पाणी समुद्राकडे जाते, एवढे लक्षात ठेवले तरी हा विषय परका वाटणार नाही.

अपुऱ्या काळाची मोजणी किती फसवते, याचे उदाहरण तारलीचे आहे. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरवली गेली, तर २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. तेवढीच वर्षे पाहणारा म्हणेल की तारली संपली. परंतु या माशाची अशी भरभराट आणि टंचाई शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींतही दिसते. म्हणून एखादी घसरण नेहमीच्या चढउतारातली आहे की खरोखर नवी आहे, हे दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पातून कळू शकत नाही. शिवाय पकडलेल्या मासळीचे वजन म्हणजे समुद्रातील मासळी नव्हे. होडीला मोठे इंजिन बसले आणि जाळ्याचे आस, म्हणजे विणीतील भोके, बारीक झाले, की समुद्र रिकामा होत असतानाही बंदरावरचा आकडा काही काळ वाढत राहतो.

मापच बदलू न देणे हा यावरचा उपाय, आणि तो ज्या यंत्राने सर्वांत निष्ठेने पाळला त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात अंटार्क्टिक मोहिमेसाठी कंटिन्यूअस प्लँक्टन रेकॉर्डर, म्हणजे सतत प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) टिपणारे यंत्र, तयार केले. १९३१ पासून उत्तर समुद्रातील मालवाहू जहाजे ते मागे ओढत नेऊ लागली. साधारण एक मीटर लांबीच्या या धातूच्या पेटीच्या नाकावर १.२७ सेंटिमीटर बाजूचे चौकोनी छिद्र असते. त्यातून आत शिरलेले पाणी पुढे रुंद होत जाणाऱ्या बोगद्यात मंदावते आणि रेशमी कापडाच्या पट्टीतून गाळले जाते. त्या कापडाचे आस ०.२७ मिलिमीटरचे असतात. गाळ बसलेल्या पट्टीवर लगेच दुसरी रेशमी पट्टी येऊन बसते, आणि दोन्हींच्या मध्ये अडकलेले प्लवक फॉर्मालिनच्या टाकीतील रिळावर गुंडाळले जाते.

खरी करामत पुढे आहे. पट्टी पुढे सरकवण्यासाठी यंत्रात घड्याळ किंवा मोटर नाही. शेपटीकडे एक पंखा आहे, तो बाहेरून वाहणाऱ्या पाण्याने फिरतो आणि दातेरी चक्रांच्या साहाय्याने पट्टी ओढतो. त्यामुळे पट्टी किती सरकली हे गेलेल्या वेळेवर नव्हे, कापलेल्या अंतरावर ठरते. जहाज सावकाश गेले तर पंखाही सावकाश फिरतो; वेगाने गेले तर पट्टीही वेगाने सरकते. पट्टीचा दर दहा सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे दहा सागरी मैल, अर्थात सुमारे १८.५ किलोमीटर. छिद्राचे क्षेत्रफळ १.६ चौरस सेंटिमीटर धरून त्याला या अंतराने गुणले, तर एका तुकड्यातून सुमारे तीन घनमीटर पाणी गाळले जाते असे उत्तर येते. कप्तान कोणताही असो, जहाज कोणतेही असो, माप तेच राहते.

बंदरावर उतरवलेली पट्टी तुकडे करून तपासली जाते. आधी तिचा हिरवेपणा चार ठरावीक पायऱ्यांशी ताडून पाहतात, कारण तो वनस्पतिप्लवकांच्या प्रमाणाचा निदर्शक असतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखून मोजतात. कोपेपॉड म्हणजे प्लवकांतील बारीक कवचधारी जीव; त्यांतील कॅलानस वंशाच्या दोन जाती तर इतक्या सारख्या आहेत की जेमतेम तीन मिलिमीटरच्या त्या जीवाच्या पाचव्या पायाच्या आतल्या कडेचा आकार पाहून त्या वेगळ्या करतात. हा काटेकोरपणा वायफळ नाही. यांतील फिनमार्किकस ही थंड पाण्यातील जात वसंतात वाढते, तर हेल्गोलँडिकस ही उबदार पाण्यातील जात उन्हाळ्याच्या अखेरीस. कॉड माशाच्या पिल्लांना वसंतात अन्न लागते. समुद्र तापला, पहिली जात घटली, दुसरी वाढली आणि पिल्लांचे ताट भलत्याच ऋतूत वाढले जाऊ लागले. एकूण कोपेपॉड किती एवढेच मोजले असते, तर ऋतूंची ही चुकामूक नजरेतून निसटली असती. याच पट्ट्यांवरून २००२ साली असेही दिसले की उबदार पाण्यातील कोपेपॉड सुमारे चाळीस वर्षांत दहा अक्षांशांहून अधिक उत्तरेला पसरले आहेत.

पट्ट्या फेकून दिल्या नाहीत, हे मला मोजणीइतकेच मोलाचे वाटते. १९६० च्या दशकात समुद्रातील प्लास्टिकच्या सूक्ष्म तंतूंचा प्रश्न कोणी विचारत नव्हते. २००४ साली तो विचारला गेला तेव्हा जुन्या पट्ट्या काढून पाहता आल्या, आणि १९६०-७० च्या दशकांपेक्षा १९८०-९० च्या दशकांत त्यांतील प्लास्टिक वाढल्याचे स्पष्ट झाले.

भारताला हा विचार नवा नाही. १९६० च्या सुमारास झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांच्या जहाजांनी एकाच नमुन्याचे जाळे वापरले, २०० मीटर खोलीपासून ते सरळ वर ओढले, आणि गोळा झालेले प्लवक निवडण्यासाठी कोचीला एकत्र आणले. त्या कामातूनच १९६६ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली.

आता पाण्यातील डीएनएवरून जीव ओळखण्याचे तंत्र आले आहे. लिटर-दोन लिटर पाणी गाळून त्यात कोणकोणत्या माशांच्या पेशी आहेत हे सांगता येते, आणि जाळ्यात न सापडणारे जीवही त्यात सापडतात. मात्र मासे किती, केवढे आणि कोणत्या वयाचे, हे त्यातून नीट कळत नाही, आणि ज्या जातींचा डीएनए अजून संग्रहात नाही त्या अनोळखीच राहतात. ‘आता जाळ्यांची गरज नाही’ असा जो गाजावाजा होतो, तो मला घातक वाटतो. जुने जाळे बंद करून त्याच दिवशी नवे तंत्र सुरू केले आणि जातींची संख्या दुप्पट आली, तर समुद्र बदलला की माप बदलले हे कोणालाही सांगता येणार नाही. दोन्ही पद्धती त्याच जागी, त्याच वेळी, काही वर्षे बरोबरीने चालवल्या, तरच एकीचे आकडे दुसरीत बसवता येतात. त्यासाठी लागणारा पैसा तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या चौकटीत मावत नाही, तो वेधशाळेसारखा कायमचा द्यावा लागतो. कोयनेच्या भूकंपमापकांसाठी आपण तो देतोच.

सातारा, कराड, सांगलीकडील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्राच्या सहली रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर जातात. विद्यार्थी जीव पाहतात, छायाचित्रे काढतात, अहवाल लिहितात आणि तो कपाटात जातो. त्याऐवजी प्रत्येक विभागाने एक कातळ निश्चित करावा, त्याचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत, दरवर्षी त्याच महिन्यातील अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तेथे अर्ध्या मीटरची चौकट ठेवून आतील कालवे, शिंपले, शंख आणि समुद्रफुले मोजावीत. नोंदीत वेळ, पाण्याचे तापमान, मोजणाऱ्यांची संख्या आणि चौकटीचे माप लिहावे. जो जीव शोधूनही दिसला नाही त्यापुढे शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये, कारण कोऱ्या जागेवरून जीव नव्हता की कोणी पाहिलेच नाही हे पुढच्या प्राध्यापकाला कळणार नाही.