मालिकाजन्य अंतराळपट

दूरचित्रवाणीवरच्या अंतराळ-मालिकेतील पात्रे, यान आणि विश्व घेऊन मोठ्या पडद्यासाठी काढलेला साहसपट. मालिकेचे जुने भाग जोडून केलेला, मालिकेचीच कथा नव्याने चित्रित केलेला आणि मालिका थांबली तिथून पुढे जाणारा, असे तिन्ही प्रकार यात मोडतात. तिसरा सर्वांत अवघड, कारण त्याला एकाच खेळात दोन प्रेक्षक सांभाळावे लागतात : मालिका तोंडपाठ असलेला आणि मालिकेचे नावही न ऐकलेला. ग्रामीण विदर्भात हे चित्रपट जे काही पोचले, ते बहुतेक या दुसऱ्या प्रेक्षकापर्यंत. ही नोंद त्याच्याच बाजूला बसून लिहिली आहे.

सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. बीबीसीने १९५३ मध्ये क्वाटरमास या शास्त्रज्ञाची सहा भागांची मालिका थेट प्रक्षेपित केली. तिच्यावरून १९५५ मध्ये हॅमर कंपनीने चित्रपट काढला. मालिकेचे आज दोनच भाग शिल्लक आहेत, चित्रपट मात्र अख्खा आहे. १९६५ मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिकेतील डालेक ही परग्रहावरची खलनायक मंडळी रंगीत पडद्यावर आली. मालिका तेव्हा कृष्णधवल होती. त्या चित्रपटात परग्रहावरच्या गूढ डॉक्टरला सरळ ‘हू’ आडनावाचा पृथ्वीवरचा म्हातारा संशोधक करून टाकले. मालिकाप्रेमींना ते आजही खटकते. पण नवख्याला समजावण्याची कटकट एका फटक्यात मिटली, हेही खरे.

या प्रकाराचा मानदंड ठरला तो ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ (१९७९). जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका एनबीसी वाहिनीवर १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे चालली, भाग ७९. पैशाची चणचण कायमची. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवणे परवडेना, म्हणून माणसे प्रकाशात विरघळवून थेट खाली पोचवण्याची युक्ती निघाली. झोतात अॅल्युमिनियमची पूड सोडून तिचे चित्रण केले, झाले काम. मालिकेची सर्वांत गाजलेली कल्पना अशी काटकसरीतून आली. बंद पडल्यावर पुनःप्रक्षेपणांत तिचा चाहतावर्ग इतका वाढला, की त्यांच्या पत्रांच्या माऱ्यामुळे १९७६ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे मालिकेतल्या यानाचे नाव मिळाले.

पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने आधी नवी मालिकाच काढायला घेतली होती. सेट उभे राहत होते, पहिल्या भागाची संहिता तयार होती. पण १९७७ मध्ये अंतराळपटांनी गल्ला भरलेला पाहून कंपनीने बेत फिरवला आणि त्याच संहितेचा चित्रपट झाला. दिग्दर्शन रॉबर्ट वाइज यांचे, संगीत जेरी गोल्डस्मिथ यांचे. खर्च सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर. दृश्यचमत्कारांचे काम आधीच्या मंडळींकडून काढून डग्लस ट्रंबुल आणि जॉन डायकस्ट्रा यांच्याकडे दिले. काम संपता संपेना. वॉशिंग्टनच्या पहिल्या खेळाला वाइज स्वतः ताजी प्रिंट घेऊन गेले.

घाईत पूर्ण झालेला हा चित्रपट पडद्यावर मात्र विलक्षण संथ आहे. मालिकेचा नायक कॅप्टन कर्क डागडुजी झालेल्या आपल्या यानाभोवती छोट्या वाहनातून फेरी मारतो. त्या फेरीत पाचेक मिनिटे जातात आणि कोणी काही करत नाही. दहा वर्षे वाट पाहिलेल्या चाहत्याला ते देवदर्शन वाटते. बाकीच्याला?

प्रस्तुत लेखकाने तो पहिल्यांदा पाहिला तो यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, गणपतीत वर्गणी करून आणलेल्या भाड्याच्या व्हिडिओवर. अशा रात्रीचा शिरस्ता ठरलेला असे : ओट्यावर रंगीत टीव्ही, समोर तडव आणि पोती, आणि उजाडेपर्यंत तीन हिंदी पिक्चर. त्या रात्री नागपूरला शिकणाऱ्या एका पोट्ट्याने चौथी कॅसेट आणली होती, इंग्रजीतली. कर्कची फेरी सुरू झाली तशी माणसे चहाला उठली. ‘गाडीच पाहून रायला का हा रातभर?’ असे कोणी तरी म्हणाले आणि पोट्टा ओशाळला. टक्कल केलेली बाई आल्यावर पुन्हा गलका. ‘हे कोनाची पोरगी व्हय?’ आजीने विचारले. ‘आजी, थे मशीन हाय,’ पोट्ट्याने सांगितले. ते बरोबरच होते. खऱ्या बाईला नेऊन तिच्या जागी यंत्र पाठवलेले असते.

ती टक्कल केलेली बाई मुंबईची होती, हे ओट्यावरच्या कोणालाच ठाऊक नव्हते. पर्सिस खंबाटा. पारशी कुटुंबातली, १९६५ची मिस इंडिया. इलिया या परग्रहवासी नाविकेच्या भूमिकेसाठी तिने खरोखर डोके भादरून घेतले. १९८०च्या ऑस्कर सोहळ्यात ती पारितोषिक द्यायला मंचावर होती. १९९८ मध्ये मुंबईतच तिचे निधन झाले. मराठी वाचकाला या चित्रपटाशी जोडणारा एवढा सरळ धागा असताना त्याची आठवण कोणी काढत नाही, याचे नवल वाटते.

त्या रात्री गाव खरोखर गप्प झाले ते शेवटच्या प्रसंगाला. पृथ्वीकडे एक अजस्र ढग येतो आहे, वाटेत येईल ते पुसून टाकतो आहे, आणि त्याच्या पोटात ‘व्हीजर’ नावाचे काहीतरी आपल्या निर्मात्याला हाका मारते आहे. कर्क तिथवर पोचतो, तर समोर एक जुनाट यंत्र. त्यावर नावाची पाटी आणि पाटीवर काजळी. तो हाताने ती पुसतो. काळ्या मातीत फसलेल्या ट्रॅक्टरची नंबरप्लेट आपण पुसतो, अगदी तसा. मधली झाकलेली अक्षरे उघडी पडतात आणि नाव जुळते : व्हॉयेजर ६. माणसानेच कधीकाळी वर सोडलेले यान, वाटेत अफाट ज्ञान गोळा करून घरी परतलेले. पोट्ट्याने अक्षरे मोठ्याने वाचली, अर्थ सांगितला. ‘आपलाच होता तं मंग भांडते कायले?’ हा आजीचा प्रश्न चित्रपटाच्या गाभ्यालाच हात घालणारा होता. (नासाने प्रत्यक्षात व्हॉयेजर दोनच सोडली, दोन्ही १९७७ मध्ये, सहावे हे कथेतले.)

या प्रकाराची कसोटी इथे लागते. मालिकेच्या पुण्याईवर उभे असलेले प्रसंग ओट्यावर पडले. पाटी पुसण्याचा प्रसंग मालिका न पाहताही उभा राहिला. तिकीटबारीवर चित्रपट चालला, ऑस्करची तीन नामांकने मिळाली, तरी कंपनीला खर्च झोंबला. १९८२चा पुढचा भाग बराच स्वस्तात काढला आणि तो जास्त नावाजला गेला.

जपानमध्ये वेगळी वाट निघाली. ‘यामातो’ या अंतराळ-युद्धनौकेची १९७४ची अॅनिमेशन मालिका फारशी चालली नव्हती. तिचेच भाग कापून-जोडून १९७७ मध्ये चित्रपट केला आणि तिथे झुंबड उडाली. खर्च थोडा, डोके थोडे, फायदा भरपूर.

‘सेरेनिटी’ (२००५) हे याच्या उलट टोकाचे उदाहरण. तिची मूळ मालिका ‘फायरफ्लाय’ २००२ मध्ये सुरू होऊन १४ भागांतच गुंडाळली गेली. ११च दाखवले गेले. डीव्हीडी मात्र इतक्या खपल्या, की युनिव्हर्सल कंपनीने चित्रपटाला पैसे दिले. दिग्दर्शक जॉस व्हेडन यांनी सुरुवातीलाच कॅमेरा यानाच्या खोल्याखोल्यांतून फिरवून सगळी पात्रे ओळखीची करून दिली, तीही ती आपापसांत कुरकुरत असताना. नवख्याची सोय कशी करावी, याचा तो नमुनाच. शेवटाकडे यानाचा वैमानिक अचानक मरतो, तिथे दोन प्रेक्षक पुन्हा वेगळे होतात : चाहता हंबरडा फोडतो, नवखा पुढे काय म्हणून पाहत राहतो. मालिकेतली ही माणसे यानातून गुरेही वाहून नेतात, ही गोष्ट वऱ्हाडातल्या बैलबाजाराला जाणाऱ्याला सांगून पाहावी. अंतराळ त्याला लगेच जवळचे वाटते. धंदा जेमतेम झाला, आणि पुढचा भाग निघाला नाही.

भारतात अंतराळ-मालिका झाल्या. दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली, १९९८ मध्ये केतन मेहतांची मिलिंद सोमण नायक असलेली ‘कॅप्टन व्योम’ आली. ‘कॅप्टन व्योम’ पाहायला लाइन असेल तर टीव्ही, नसेल तर ट्रॅक्टरची बॅटरी, असा खटाटोप करणारी पोरे विदर्भात गावोगाव होती. यांच्यावरून चित्रपट निघाले नाहीत. मालिकेवरून चित्रपट काढणे आपल्याकडे विनोदी ‘खिचडी’ने (२०१०) रुळवले, अंतराळाच्या वाटेला कोणी गेले नाही.

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात तर प्रेक्षकाची सवयच निराळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम लागतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिथल्या नाटक मंडळ्यांचे ठाणे. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि ते पहाटेपर्यंत. आधीच्या भागात काय झाले होते, हे विचारायची सोय तिथे नाही. राजा कोण, खलनायक कोण, पोरगी कोणाची, हे पहिल्या अंकात कळले पाहिजे आणि पहाटे निकाल लागला पाहिजे. अशा प्रेक्षकापुढे अर्धी ओळख गृहीत धरणारा अंतराळपट तग धरणे कठीण.

त्याच पट्ट्यात २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून जळते तुकडे सरकताना लोकांनी पाहिले. काहींनी उल्का म्हटले, काहींनी विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूचे मोठे कडे येऊन पडले, हातात न मावणारे, काठ जळालेले. परिसरात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असे खगोलतज्ज्ञांनी सांगितले. माणसाने वर सोडलेली वस्तू परत आली होती. कड्यावर पाटी नव्हती. लोकांनी हात लावून पाहिले, फोटो काढले, आणि ते उचलून ठाण्यात नेले.