आर्टेमिया

समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाण्यात तग धरणारा, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा क्रस्टेशियन (खेकडे-कोळंबीच्या गटातला) प्राणी. त्याला खाऱ्या पाण्यातली कोळंबी म्हणत असले, तरी ताटातल्या कोळंबीचा तो दूरचाच नातलग. पाणपिसू (डॅफ्निया) त्याला अधिक जवळची. पायांच्या ११ जोड्या हलवत तो उताणा पोहतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आर्टेमिया २५० ग्रॅमपर्यंत सोसतो. त्याला मिठाची ओढ आहे असे मात्र नव्हे. समुद्राच्या पाण्यातही तो वाढतो, पण तिथे मासे त्याचा फडशा पाडतात. मासे जगू शकत नाहीत अशी सरोवरे आणि मिठागरे म्हणून त्याच्या वाट्याला आली. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही त्याची नोंद झालेली आहे.

सहनशक्तीलाही सीमा आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकचे १९५९ मध्ये पुऱ्या झालेल्या रेल्वेच्या भरावाने दोन भाग पडले. उत्तरेकडचे पाणी क्षारांनी जवळजवळ संपृक्त झाले आणि तिथे आर्टेमियाचेही फारसे चालत नाही. नद्यांचे पाणी मिळणाऱ्या दक्षिण भागात तो फोफावतो. परिस्थिती बरी असली की मादी थेट पिल्ले सोडते, बिघडली की टणक कवचाची सुप्त अंडी. सुकवलेली ही अंडी वर्षानुवर्षे टिकतात, आणि सगळा व्यापार त्यांचाच.

कोळंबीच्या हॅचरीत, म्हणजे अंड्यांतून पिल्ले काढून वाढवण्याच्या केंद्रात, अळ्यांना खाऊ म्हणून आर्टेमियाची पिल्ले देतात. त्यासाठी लिटरला २५ ते ३५ ग्रॅम मीठ, २८ अंश सेल्सियस तापमान, ८ च्या वर पीएच, सतत हवा आणि उजेड दिला की दिवसभरात अंडी फुटतात. मग हवा बंद करतात. रिकामी टरफले वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, आणि नारिंगी पिल्ले दिव्याकडे गोळा होतात. तेवढीच नळीने ओढून घ्यायची. हे काम वेळेवर उरकावे लागते, कारण पिल्लांच्या अंगातला बलक झपाट्याने संपतो आणि त्याबरोबर त्यांचा कसही. गोड्या पाण्याच्या टाकीत ती काही तासच जगतात.

खऱ्या कोळंब्यांच्या गरजा वेगळ्या. टायगर कोळंबीला निमखारे पाणी मानवते. व्हनामी जवळजवळ गोड्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत निभावून नेते. स्कॅम्पी गोड्या पाण्यात वाढते खरी, पण तिच्या अळ्यांना लिटरला १२ ते १६ ग्रॅम क्षार लागतातच. म्हणून अंडी घेऊन मादी खाडीकडे उतरते. ॲक्वेरियमातली चेरी कोळंबी मात्र जन्मभर गोड्या पाण्यातच राहते. माशांच्या औषधांतले तांबे तिला मारक ठरते.