ट्रकचा क्रँक तुटतो तेव्हा

डिझेल ट्रकचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, तुटला की सगळ्यांची पहिली धावपळ नवीन कुठे मिळेल याची असते. माझं म्हणणं असं की त्याआधी तुटलेले दोन तुकडे डिझेलने धुवा, उजेडात धरा आणि नीट बघा, कारण जुना का गेला ते न शोधता नवीन बसवलात तर तोही बहुतेक तसाच जाणार.

आधी त्याच्यावर भार किती येतो ते बघू. मोठ्या ट्रकच्या इंजिनात पिस्टनचा व्यास 130 मिलिमीटरच्या आसपास असतो, डिझेल पेटल्यावर दाब 200 बारपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर 26 टनांच्या वर दणका, आणि तो कनेक्टिंग रॉडमधून थेट क्रँकच्या पिनवर (रॉड बसतो त्या गोल भागावर) येतो. फोर स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे 1500 आरपीएमला एका सिलिंडरचे मिनिटाला 750 दणके, आठ तासांत 3 लाख 60 हजार, आणि असे सिलिंडर सहा. दर दणक्याला क्रँक किंचित वाकतो, किंचित पिळला जातो आणि परत जागेवर येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तोच हा धातूचा थकवा.

चीर बहुतेक वेळा सुरू होते ती कोपऱ्यात, जिथे बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, म्हणजे जर्नल, संपतो आणि बाजूची जाड पाकळी, म्हणजे वेब, सुरू होते. तिथे मुद्दाम छोटी गोलाई ठेवलेली असते, तिला रेडियस म्हणतात. प्लॅस्टिकच्या पाकिटाला कडेला बारीक खाच असली की ते तिथूनच फाटतं, तसंच इथे. झिजलेला क्रँक ग्राइंडिंगला, म्हणजे घासून गुळगुळीत करायला, दिला आणि तिथे घाईत हा कोपरा काटकोनी झाला, तर मापं सगळी बरोबर असली तरी खाच तयार झालीच.

आता तुटलेला पृष्ठभाग बघा. एका बाजूला गुळगुळीत भाग दिसेल, त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानी, एकामागे एक. त्या कमानी जिथून पसरल्यासारख्या वाटतात तिथेच चीर जन्मली. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार असतो, तो शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. गुळगुळीत भाग खूप मोठा असेल तर समजायचं की चीर हळूहळू वाढत होती, एकाच ओव्हरलोडचं हे काम नाही. (कधी कधी दोन तुकडे एकमेकांत अडकून राहतात आणि इंजिन ठोकत ठोकत चालूच राहतं, मला हे अजूनही थक्क करतं.)

मग कारण कुठे शोधायचं? माझा पहिला संशय क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डँपरवर. क्रँकचं पिळणं-सुटणं शांत करायचं काम त्याचं, अनेक ट्रकमध्ये आत एक जड रिंग दाट सिलिकॉन तेलात असते, आणि वर्षानुवर्षांनी ते तेल घट्ट झालं की रिंग चिकटते, बाहेरून मात्र डँपर धडधाकट दिसतो. म्हणून तुटलेल्या क्रँकवरचा जुना डँपर नवीन क्रँकला परत लावायचा नाही, मग तो कितीही चांगला दिसो. दुसरा संशय ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यावर. क्रँक ज्यात फिरतो ते बेरिंग जाम होऊन चिकटलं असेल तर तिथला ब्लॉक तापून वाकडा झालेला असू शकतो, मग सगळे मेन बोअर (क्रँक बसतो ती गोल भोकं) एका रेषेत राहत नाहीत आणि नवीन क्रँक दर फेरीला वाकत राहतो. ही भोकं एका रेषेत आहेत का ते मोजून घ्याच. मेन कॅप, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या टोप्या, ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे नंबर आणि दिशा बदलायची नाही.

बसवताना ब्लॉकमधली ऑइलची भोकं ब्रशने आरपार साफ करा, जुन्या बेरिंगचा चुरा तिथेच लपून बसतो. बेरिंग आणि जर्नलमधली फट मेणासारख्या प्लॅस्टिकच्या बारीक धाग्याने मोजता येते: धागा कोरड्या जर्नलवर ठेवायचा, कॅप ठरलेल्या पूर्ण टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, मग कॅप काढून चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायचा. जास्त चपटा झाला म्हणजे फट कमी. आणि चालू इंजिनात याच फटीतल्या ऑइलच्या फिल्मवर क्रँक अक्षरशः तरंगत असतो, धातूला धातू लागायलाच नको.

म्हणून पहिल्या स्टार्टला डिझेल बंद ठेवायचं आणि नुसत्या स्टार्टरने थोडं थोडं थांबत फिरवायचं, कारण त्या वेळी बेरिंगमध्ये आपण हाताने लावलेलंच ऑइल असतं. ऑइल प्रेशरची सुई वर आली की मगच डिझेल सोडा.